सायकलीच्या वेगाने इतिहास : इंदूर परिसरातील तीन मार्ग



पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला, हे आपल्या शाळेतला पाचवीचा विद्यार्थीही सांगतो. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली आणि इंदुरात घरोघरी, शाळाशाळांतून त्यांचे स्मरण झाले. भाषणे झाली, निबंध झाले, वेशभूषा झाल्या. पण मुलांना एक साधा प्रश्न विचारून पाहा. अहिल्याबाई राहत महेश्वरला आणि त्यांचा बराचसा मुलूख वर माळव्याच्या पठारावर. मग महेश्वरहून निघालेला जासूद इंदूरला कोणत्या वाटेने येत असे? याचे उत्तर वर्गात क्वचितच मिळते.

ती वाट आजही आहे. तिच्यावरचा दरवाजा उभा आहे. आपण मोटारीतून त्याखालून किंवा त्याच्या शेजारून जातो, दोन फोटो काढतो, भुट्टा खातो आणि परत येतो. इतिहास पाठ आहे पण वाट माहीत नाही, अशी आपली स्थिती आहे. ही उणीव सायकलीने भरून काढता येईल असे मला वाटते. म्हणून या अंकात तीन प्रश्नांचा विचार करू या. सायकलच का? कुठे जायचे? आणि मुलांच्या सुरक्षिततेचे काय?

सायकलच का?

शाळकरी मुलगा सपाट रस्त्यावर तासाला साधारण दहा-बारा किलोमीटर सायकल चालवतो. हा वेग मोठा गमतीचा आहे. पायी चालताना दिवसभरात एकच गाव पाहून होते. बसमधून दहा गावे जातात, पण एकही दिसत नाही. सायकलवर दोन्ही साधते. चढ आला की पायांना कळतो, उतार आला की कानांना वारा सांगतो. जमिनीचा रंग बदलला, नाला आला, जुन्या विहिरीचा कठडा दिसला, तर लगेच थांबता येते. पार्किंग शोधावे लागत नाही.

दुसरे असे की जुने रस्ते बैल, घोडा आणि माणूस यांच्या पायांसाठी आखलेले होते. पाणी कुठे, विसावा कुठे, चढण कुठे सोपी, हे पाहून ते पडले. सायकलस्वारालाही हेच तीन प्रश्न पडतात. म्हणून दरवाजा इथेच का, कुंड तिथेच का, हे त्याला पुस्तकाशिवाय समजू लागते.

परदेशात काय करतात?

फ्रान्समध्ये ही गोष्ट फार नेटकेपणाने केलेली आहे. त्या देशाच्या दक्षिण भागात कनाल द्यू मिदी नावाचा सुमारे २४० किलोमीटर लांबीचा कालवा आहे. पिएर-पॉल रिके यांच्या देखरेखीखाली १६६६ ते १६८१ या काळात तो खोदला गेला. म्हणजे इकडे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आले, त्याच वर्षी तिकडे त्याचे काम सुरू झाले. पूर्वी त्या कालव्यातून चालणाऱ्या नावा काठावरून घोडे ओढत नेत. घोडे गेले, पण काठावरची वाट राहिली. आज कित्येक ठिकाणी तिच्यावरून सायकलस्वार जातात. १९९६ साली या कालव्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याचप्रमाणे लुआर नदीच्या काठाने, जुने किल्ले आणि राजवाडे जोडणारा शेकडो किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे. बंद पडलेल्या रेल्वेलाईनचे रूळ काढून तिथेही सायकलची वाट केलेली आहे.

तिथे सायकलस्वाराला जागोजागी छोट्या पाट्या भेटतात : पुढचे गाव किती दूर, डावीकडे कोणते जुने देऊळ. त्यामुळे लहान मुले घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. रस्ता आधी सुरक्षित केला, मग मुलांना बोलावले, हा त्यातला धडा.

आपल्याकडे तशा पाट्या नाहीत, वेगळी वाटही नाही. पण पाहण्याजोगे काही कमी आहे का? मुळीच नाही. आपल्या शहरापासून सुरुवात करू.

मार्ग पहिला : राजवाडा ते छत्रीबाग

हा मार्ग सहावी-सातवीच्या मुलांसाठी. सगळा फेरा सात-आठ किलोमीटरांपेक्षा जास्त नाही. मात्र तो रविवारी सकाळी, बाजार उघडण्यापूर्वीच करावा.

राजवाडा सात मजली. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. त्याने आगी सोसल्या. शेवटची मोठी आग १९८४ ची. त्यानंतर दर्शनी भाग पुन्हा उभा केला गेला. तेव्हा मुलांनी तिथे पहिला प्रश्न हाच विचारावा : यातले जुने किती आणि नवे किती? इतिहास शिकण्याची सुरुवात या प्रश्नाने होते.

तेथून दोन मिनिटांवर, कान्ह नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. छत्री म्हणजे काय, हे मुलांना नीट सांगायला हवे. पुष्कळांना ती कबर वाटते. छत्रीत दफन नसते. दहनाच्या जागी किंवा स्मरणासाठी बांधलेली ती वास्तू असते. म्हणूनच एकाच व्यक्तीचे स्मारक वेगवेगळ्या ठिकाणीही असू शकते. मल्हारराव होळकरांचा मृत्यू १७६६ साली आलमपूर येथे झाला. ते गाव आज भिंड जिल्ह्यात, इंदूरपासून कितीतरी दूर. त्यांची छत्री तिथे आहे. कृष्णपुऱ्याला कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या आहेत. भिंतींवर शिपाई, वादक आणि देवदेवता कोरलेल्या आहेत. मुलांनी एकेक मूर्ती निवडून वहीत काढावी : पगडी कशी, हातात काय, पायात काय. तासभर सहज जातो.

पुढे पंढरीनाथ आणि इंद्रेश्वर. ज्या इंद्रेश्वरावरून या गावाला नाव मिळाले असे मानतात, ते देऊळ आपण रोज ओलांडून जातो. आणि 'पंढरीनाथ' हे नाव तर चौकातल्या हिंदी पाटीवर लिहिलेले असले तरी ते कुठून आले, हे मराठी मुलाला सांगायला नको. तेथून छत्रीबागेत होळकर घराण्यातील छत्र्या पाहून फेरा पुरा करावा.

मार्ग दुसरा : देवगुराडिया आणि कंपेल

आठवीपासूनच्या मुलांसाठी हा मार्ग. नेमावर रस्त्यावर शहराच्या मध्यापासून साधारण दहा-बारा किलोमीटरवर देवगुराडियाची टेकडी आहे. पायथ्याशी शिवमंदिर आणि कुंड. कुंडात गोमुखातून पाणी पडते. या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंच्या काळात झाला असे सांगतात. गोमुखाचे पाणी म्हणजे चमत्कार नव्हे आणि नुसती शोभाही नव्हे. टेकडीत मुरलेले पावसाचे पाणी जिथे बाहेर येते तिथे दगडी मुख बसवायचे, पाणी कुंडात साठवायचे, असा तो प्रबंध आहे. माळव्यातील कितीतरी देवस्थाने अशी पाण्याच्या जागी आहेत. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मी पायऱ्यांच्या विहिरीला 'बावडी' म्हणतच मोठा झालो. महाराष्ट्रात तिलाच 'बारव' म्हणतात. मुलांनी दोन्ही शब्द वहीत लिहावेत. एकाच पाण्याची ती दोन नावे आहेत आणि आपण इंदूरकर मराठी माणसे दोन्हींचे वारसदार आहोत.

याच देवगुराडियाला शहराचा कचरा जातो. तेथे २०२२ च्या फेब्रुवारीत ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ५५० टनांची आहे. एका बाजूला जुने कुंड, दुसऱ्या बाजूला नवा कारखाना. शहर आपले पाणी कसे सांभाळत होते आणि कचरा कसा सांभाळते, हे दोन्ही धडे एकाच फेरीत मिळतात.

ज्यांचा सराव चांगला आहे त्यांनी पुढे कंपेलपर्यंत जावे. इंदूरच्या आग्नेयेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेले हे गाव आज लहान दिसते. पण एके काळी परगणा कंपेलचा होता आणि इंदूर हे त्यातले एक गाव! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदार राव नंदलाल चौधरी यांच्या काळात कारभार इंदूरला आला. इंदूर व्यापाराच्या वाटेवर होते, म्हणून ते वाढत गेले आणि कंपेल मागे पडले. गाव मोठे का होते आणि लहान का होते, याचे इतके जवळचे उदाहरण कोणत्या पुस्तकात सापडणार?

याच भागात उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेचा उगम मानला जातो. नदीत पाणी राहिले नाही, म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी चढवून तेथे आणले गेले. मुलांनी भूगोलाच्या वहीत हे जरूर नोंदवावे : महाकालाच्या क्षिप्रेत आज नर्मदेचेही पाणी वाहते.

मार्ग तिसरा : महू ते जामदरवाजा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सासरे मल्हारराव १७६६ साली आणि मुलगा मालेराव त्यापाठोपाठ गेला, तेव्हा अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि राजधानी महेश्वरला नेली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचा मृत्यू झाला तोही महेश्वरलाच. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, तर महेश्वर सुमारे १५० मीटरवर. मध्ये विंध्याचा कडा. राजधानी कड्याखाली निमाडात, आणि व्यापाराचे व सैन्याचे गाव कड्यावर माळव्यात. या दोघांना जोडणारी वाट ज्या जागी कड्यावर चढते, तिथे जामदरवाजा उभा आहे. तो अहिल्याबाईंच्या काळातला.

महूहून मंडलेश्वर रस्त्याने साधारण तीस किलोमीटरवर हा दरवाजा येतो. रस्ता शेतांतून आणि पुढे जंगलातून जातो. दरवाज्यात उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की पायाखालची जमीन संपते आणि खाली दूरवर निमाड पसरलेले दिसते. जागा अशी का निवडली हे मग सांगावे लागत नाही. वर येणारा प्रत्येक बैल, प्रत्येक स्वार इथून दिसणार. पहारा ठेवायला याहून चांगली जागा नाही. बैलगाडीला कडा कुठूनही चढता येत नाही, म्हणून वाट एकच, आणि वाट एकच म्हणून दरवाजाही एकच.

दरवाज्याला किल्ल्यासारखी लांब तटबंदी नाही, हेही मुलांनी पाहावे. हा किल्ल्याचा दरवाजा नाही, वाटेचा दरवाजा आहे. महाराष्ट्रातून आलेली मराठी माणसे, म्हणजे आपले पूर्वज, नर्मदा ओलांडून अशाच घाटवाटांनी माळव्यात चढली. कोणी फौजेबरोबर, कोणी कारकुनीसाठी, कोणी पूजाअर्चेसाठी. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने धारजवळच्या अमझेऱ्याची लढाई जिंकली आणि त्यानंतर माळव्यात मराठ्यांचे पाय रोवले गेले. त्यालाही आता तीनशे वर्षे होत आली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुलवृत्तांत आहे, पण त्यात लिहिलेली वाट कुणी पाहिलेली नाही.

वाटेत महू लागते. १८१७ च्या डिसेंबरमध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला. त्यानंतर इंग्रजांची छावणी महूला आली आणि होळकरांची राजधानी इंदूरला. म्हणजे इंदूर राजधानी झाले ते पराभवानंतर! त्याच महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सैन्यात होते. मराठी घरातला हा मुलगा पुढे देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. जन्मभूमीच्या स्मारकात थांबल्याशिवाय ही फेरी पुरी मानू नये.

ही फेरी फक्त नववी ते अकरावीच्या मुलांसाठी. महूपर्यंत मुले आणि सायकली गाडीने न्याव्यात, तेथून दरवाज्यापर्यंत सायकल चालवावी. दरवाज्याच्या पुढचा घाट मुलांनी सायकलने उतरू नये. उतार तीव्र आहे, वळणे आहेत, ब्रेक तापतात. पुढे मंडलेश्वर, महेश्वर गाडीने जावे. घाटावर बसावे, अहिल्याबाईंचा वाडा पाहावा, विणकरांचे माग पाहावेत आणि नर्मदा परिक्रमेला निघालेला एखादा मराठी यात्रेकरू भेटला तर त्याच्याशी दोन शब्द बोलावे.

काय पाहावे, काय लिहावे?

नुसते भटकून येणे म्हणजे अभ्यास नव्हे. प्रत्येकाकडे एक वही असावी आणि तीत एका ठिकाणासाठी चार गोष्टी लिहाव्यात. पहिली, वास्तू कोणती : छत्री, बारव, घाट, दरवाजा की देऊळ. दुसरी, जागा कशी : नदीकाठ, टेकडी, चढाचा माथा. तिसरी, शिलालेख आहे का. असल्यास लिपी देवनागरी, मोडी, फारसी की इंग्रजी, आणि वाचता न आल्यास साधा स्वच्छ फोटो. दगडावर खडू, रंग, तेल काही लावू नये. चौथी, आजची अवस्था : दुरुस्त, पडकी, चुन्याने वा ऑईलपेंटने रंगवलेली, की अतिक्रमणात गेलेली.

ही चौथी नोंद सगळ्यांत महत्त्वाची आहे. मोठ्या वास्तूंची काळजी पुरातत्त्व विभाग घेतो. पण रस्त्याकडेची विहीर, ओटा, नावगाव नसलेली लहान छत्री कुठल्याच यादीत नसते. रस्ता रुंद होतो, कॉलनी कापली जाते, आणि एके दिवशी ती जागा सपाट झालेली दिसते. तक्रार करायची तर तिथे काय होते याचा पुरावा हवा. आपल्या मुलांच्या वह्या हा तो पुरावा होऊ शकतो. गावातील वृद्धांना विचारून लिहावे, पण 'लोक सांगतात' आणि 'मी पाहिले' या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात.

पालकांच्या मनातला प्रश्न

पालकहो, तुमची काळजी मला ठाऊक आहे. रिंगरोड आणि आग्रा-मुंबई रस्ता यांवरची वाहने पाहिली की मुलाच्या हाती सायकल द्यायला मन धजत नाही. ती भीती खोटी नाही. म्हणूनच आग्रा-मुंबई रस्ता आणि खंडव्याकडचा भेरूघाट हे दोन्ही आपल्या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. पण दुसरी बाजूही पाहावी. मध्यप्रदेश शासन दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या ग्रामीण मुलामुलींना शाळेसाठी सायकल देते. त्या मुली दप्तर लावून रोज याच रस्त्यांनी जातात. आपल्या मुलांना आठवड्यातून एक सकाळ ते जमणार नाही असे नाही. फक्त नियम पाळावे लागतील.

फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. सूर्योदयानंतर निघायचे, अकराच्या आत परतायचे. आठ ते दहा मुलांचा एक गट, पुढे एक शिक्षक, शेवटी एक शिक्षक, मध्ये कोणी पुढच्याला ओलांडायचे नाही. एकामागे एक चालायचे, गप्पा मारत जोडीने नाही. हेल्मेट नाही तर फेरी नाही. ब्रेक, हवा, चेन आणि मागचा रिफ्लेक्टर आदल्या दिवशी शाळेत तपासला जाईल. पंप, पंक्चरचे सामान आणि प्रथमोपचाराची पेटी शेवटच्या शिक्षकाकडे. पोहे-जलेबी परतल्यावर, आधी पाणी आणि केळे.

पावसाळ्यात धबधब्यांकडे शाळेची फेरी जाणार नाही. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला वरून अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेली माणसे पाहता पाहता वाहून गेली. डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो, हे मुलांना घरीही सांगावे.

विश्वस्त मंडळास विनंती

या उपक्रमाला मोठा खर्च नाही. तिसऱ्या फेरीसाठी एक बस आणि सायकली नेणारी एक लहान मालवाहू गाडी, सर्व फेऱ्यांसाठी मुलांचा अपघात विमा, दोन प्रथमोपचार पेट्या आणि ज्यांच्याकडे सायकल नाही अशा मुलांसाठी शाळेच्या दहा सायकली, एवढीच मागणी आहे. सायकल नाही म्हणून कोणतेही मूल मागे राहू नये, हा माझा आग्रह आहे. मुलींचे गट मुलांच्या बरोबरीने निघतील. ज्या बाईंनी अठ्ठावीस वर्षे मुलूख सांभाळला, त्यांच्या वाटेवर मुलींना मागे ठेवणे शोभणार नाही.

मंडळाने मान्यता दिल्यास पहिली फेरी येत्या हिवाळ्यात राजवाड्यापासून निघेल. इच्छुक पालकांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सोबत येण्याची तयारी असल्यास तसेही कळवावे, कारण शेवटच्या सायकलीमागे एक जाणता माणूस नेहमीच हवा असतो. मुलांच्या वह्यांतील निवडक नोंदी आणि चित्रे पुढील अंकांत छापली जातील. मूळ वह्या शाळेच्या ग्रंथालयात राहतील.

— प्राचार्य